ताईस, गाडी ओढायच्या पट्ट्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा (वय वर्षं सत्तावन्न, तरीही धाकटाच) वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठणठणीत. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी लिहून दिलेला व्यायाम करतेस, की तो कागद उशीखाली ठेवून झोपतेस? भावजींचं कानाचं यंत्र सापडलं का? (सापडलं नसेल तर फार शोधू नकोस. ते हरवल्यापासून घरात कसं शांत शांत वाटतं, असं ते मला फोनवर म्हणाले होते.)

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, हुकूमच तो. पोरीला गाडी घेऊन डोंगरात जाऊ दिलंस तर माझ्याशी गाठ आहे, असं लिहून तू खाली दोन रेघा मारल्यास, आणि दुसऱ्या रेघेला कागद फाटला. आपल्या घरात तुझा शब्द आजवर कुणी मोडलेला नाही, आणि मोडणारा मी तर नाहीच नाही. म्हणून त्याच संध्याकाळी मी घसा खाकरून ते पत्र तुझ्या भाचीला वाचून दाखवलं, रेघांसकट. ती दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे कुणी कितीही आरडाओरडा केला तरी तिचा हात हलत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या शनिवारी निघायचंय. त्याआधी मला एक पट्टा लागेल. तुम्ही आणाल? पट्ट्यांमधलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" ताई, मी इथेच घसरलो. तीस वर्षं मी बॅगा शिवतोय, पण पट्ट्याबाबत माझं मत या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला अडवायला म्हणून उठलो होतो, तो पायात चपला घालून गाड्यांच्या सामानाच्या दुकानाच्या वाटेला लागलो.

आता तुला सांगायला हवं, की तिने घेतलेली ती जुनी जीप (जिला तू 'डबडं' म्हणतेस, आणि मीही परवापर्यंत म्हणायचो) चिखलात किंवा वाळूत रुतली, की दुसऱ्या गाडीला पट्टा बांधून तिला ओढून काढायचं असतं. म्हणजे सगळा जीव त्या पट्ट्यावर. मी दुकानात गेलो आणि माझ्या धंद्याप्रमाणे निवड केली. पट्टा ओढल्यावर वाढत असेल तर तो पट्टाच नव्हे, हे मी पहिल्या दिवसापासून मानत आलोय. खांद्याचा पट्टा वाढला की मुलाचं दप्तर ढोपरापर्यंत लोंबतं आणि मुलाची आई माझ्या काउंटरवर येऊन उभी राहते. तेव्हा मी एकेक पट्टा पायाखाली दाबून दोन्ही हातांनी खेचून पाहिला. दुकानदार मला लवचिक पट्टे दाखवत होता, मी ते तुच्छतेने बाजूला सारत होतो. शेवटी मला हवा तसा मिळाला. तसूभर वाढत नव्हता. दोन्ही टोकांना मनगटाएवढे लोखंडी हूक (हुकाशिवाय पट्टा मला उघडाबोडका वाटतो). आणि पंधरा टनांचा, म्हणजे ट्रकसुद्धा ओढेल असा. दुकानदाराने गाडीचं वजन विचारलं, तर मी त्याला सांगितलं की पोरीच्या बाबतीत मी वजनं करत बसत नाही. तो पट्टा खांद्यावर टाकून मी असा घरी आलो, की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडून पाहिलं.

रविवारी सकाळी लेक मला, ज्यांच्याबरोबर ती डोंगरात जाणार त्या जीपवाल्यांच्या गटाच्या सरावाला घेऊन गेली. गावाबाहेर एक बंद पडलेली खडीची खाण आहे, तळाशी पाणी साचून चिखल झालेला. बारा गाड्या, आणि सगळ्यांच्या म्होरक्या कोण, तर एक दातांच्या डॉक्टरीणबाई! उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, पण आवाज असा, की मी आपसूक तोंड उघडलं. त्यांनी माझा पट्टा हातात घेतला, हूक पाहिले, त्यावरची टनांची चिठ्ठी वाचली आणि मला फार आदराने विचारलं, "काका, एकाच पट्ट्यात तिन्ही चुका कशा जमवल्यात?"

(मला राग आला. मी इथे तुला खोटं लिहिणार नाही. तीस वर्षं, ताई!)

मग त्यांनी समजावलं. न वाढणारा पट्टा सरळ रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळूहळू ओढत न्यायला ठीक. रुतलेल्या गाडीला तो लावून हिसका दिला, तर सगळा हिसका गाडीच्या हाडांना बसतो. तिथे वाढणाराच पट्टा हवा. हूक तर नकोतच, कारण काही तुटलं तर हूक गोळीसारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो, आणि आत कोण बसलेलं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी मात्र लेकीकडे पाहिलं. आणि ताकद? गाडीच्या भरल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट. त्याहून फार जास्त घेतली तर पट्टा वाढतच नाही, नुसता ताठ उभा राहतो. म्हणजे मायेने मी जेवढं जाडजूड घेतलं तेवढं ते निकामी होतं. त्यांनी माझा पट्टा घडी करून बाजूला ठेवला आणि मला त्यावर बसायला सांगितलं. म्हणाल्या, बैठक म्हणून छान आहे.

ताई, यापुढचं मी सावकाश लिहितो. बाईंनी स्वतःची गाडी मुद्दाम चिखलात घातली, पार चाकं दिसेनाशी होईपर्यंत. ती काढायची होती तुझ्या भाचीने. ती खाली उतरली. गटाचा नऊ मीटरचा पट्टा घेतला, टोकांचे शिवलेले फासे दोन्ही गाड्यांच्या मजबूत कड्यांना नीट अडकवले, मधोमध एक जुनी ओली सतरंजी टाकली (पट्टा तुटलाच तर तिच्या वजनाने खाली बसावा म्हणून), आणि मग वळून एकच शब्द बोलली, "मागे." बारा गाड्यांची माणसं, त्यात मिशीवाले दाढीवाले बाप्ये, मुकाट्याने मागे सरकली. मीही सरकलो. इतका सरकलो की खाणीच्या भिंतीला पाठ टेकली. आपल्या घरात "मीठ दे" म्हणायला जी पोरगी दोनदा विचार करते, तिचा तो आवाज. मी तो पहिल्यांदा ऐकला.

तिने हॉर्न दिला, गाडी पुढे घेतली. जमिनीवर लोळणारा पट्टा वर उठला, सरळ झाला आणि वाढायला लागला. मी डोळे फाडून पाहत होतो. दहा मीटर झाला असेल, मग त्याहूनही थोडा जास्त. चिखलातली गाडी ढिम्म. मला वाटलं आता तुटतो, आता तुटतो, आणि तेवढ्यात चिखलाने एक मोठा उसासा टाकला आणि दोन टनांची ती गाडी अशी अलगद बाहेर आली, जसं झोपलेल्या मुलाला कुणी काखेत हात घालून उचलावं. कुठे हिसका नाही, कुठे कर्रकन आवाज नाही. मी धावत गेलो, खिशातली टेप काढली (टेप माझ्या खिशात असतेच, लग्नातही होती) आणि पट्टा मोजला. नऊ मीटर, वर चार बोटं. एवढा वाढला होता आणि परत आला होता! ताई, मी तिथेच चिखलात उकिडवा बसलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू म्हणशील यात काहीतरी बोध असणार. असेल. मला सुचला नाही, मी फक्त पाहत राहिलो.

मोजता मोजता एका फाशाच्या शिलाईवर बोट फिरलं आणि अडखळलं. फुलीचे चार टाके सुटले होते, वरचं कापड घासलेलं. कुणाच्या नजरेला आलं नव्हतं. बाईंनी तो पट्टा तिथल्या तिथे कापून टाकला, पुन्हा कुणी चुकून वापरू नये म्हणून, आणि मग बाराही गाड्यांचे पट्टे माझ्यापुढे आणून ओतले. मी दुपारपर्यंत बोटं फिरवत बसलो होतो. सोमवारी दुकानात जाऊन माझा पट्टा बदलून आणला. या वेळी गाडीचं वजन सांगितलं. सात टनांचा, नऊ मीटर, बिनहुकांचा, आणि ताणून पाहिला तो वाढतो की नाही हे बघायला. दुकानदार गालात हसला, मी हसू दिलं.

तेव्हा तुझा हुकूम मोडला जातोय, याची पूर्ण जबाबदारी माझी. पोरगी शनिवारी जाईल. माझ्यावर रागव, तिच्यावर नको. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. एक सांगायचं राहिलं. पट्टे तपासायला मीही बरोबर यावं, असा बाईंचा आग्रह आहे. चार दिवस, डोंगर, नदीचं पात्र वगैरे. माझी तर जायची फार इच्छा आहे, पण आमची ही, तुझी भावजय, काही केल्या हो म्हणत नाही. ती फक्त तुझंच ऐकते. तेव्हा तू तिला काय ते लिही. तुझ्याही मनात नको असेल तर तसं स्पष्ट लिही, मी बिलकुल वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. २. शुक्रवारच्या आत उत्तर यावं. फोनवर नुसतं 'नको' म्हणालीस तरी चालेल.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मी त्यांना नाही म्हटलेलं नाही. मी त्यांची बॅग दोनदा भरली, त्यांनी ती दोनदा रिकामी केली. रविवारपासून ते घाबरलेत आणि कुणीतरी अडवावं म्हणून दारोदार फिरताहेत. शेजारी झाले, डॉक्टर झाले, आता तुम्ही उरलात. कृपा करून नको म्हणू नका. काल पोरीने जीपमधल्या पुढच्या सीटवरचं सगळं सामान मागे टाकलं. जागा कुणासाठी केली ते ती सांगत नाही, आणि हे तासातासाला खिडकीतून त्या सीटकडे बघून येतात पण विचारत नाहीत.