सतरा नंबरची थरथर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून हे पत्र. तू केलेला नवा प्रोग्राम बसवल्यापासून सतरा नंबरच्या पवनचक्कीचं लक्षण ठीक दिसत नाही. ग्रिडला वीज कमी पडली की सगळ्या चक्क्या काही सेकंद जास्त जोर लावतात, ते तू म्हणाली होतीस तसंच होतं. पण सतरा नंतर बराच वेळ डुलत राहते. मनोऱ्याच्या तळाचे बोल्ट दोनदा सैल सापडले. आमचे उस्ताद म्हणतात, वीस वर्षांत अशी थरथर पायांना जाणवली नव्हती. ऑफिसात तक्रार दिली, कोणी दाद देत नाही. तू एकदा बघ. आणि नुसत्या चहावर जगू नकोस. लोभ असावा.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

शाळेत दप्तरातल्या वह्या तीनदा मोजायचास, तो स्वभाव काही गेला नाही. अरे, जोर लावताना पात्यांचा कोन बदलून मनोऱ्यावरचा ताण कमी करणं हेही त्या प्रोग्रामचंच काम. चाळीस चक्क्यांचे आकडे पाहिले, ताण घटलाच आहे. निर्धास्त राहा. उस्तादांना नमस्कार सांग. म्हणावं, आकड्यांवरही थोडा भरवसा ठेवा. माया आहेच, ती वाढू दे.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

उस्ताद गेले. मंगळवारी दुपारी वारा जोराचा होता, सतरा हेलकावे खात होती. कंट्रोल रूमने सांगितलं, ग्रिडला वीज हवी आहे, बंद करू नका. उस्ताद मला म्हणाले, तू गाडीतच थांब, मी मनोऱ्यातलं बंद करायचं बटण दाबून आलोच. ते मनोऱ्याच्या दारापाशी पोचले आणि पातं मनोऱ्यावर आपटून तुटलं. मी त्यांना बुटांवरून ओळखलं.

आता ऑफिस म्हणतं, तक्रार आलीच नव्हती, हुकूम मोडून गेले ही त्यांचीच चूक. त्यांची बायको मला विचारते, ते खरंच एवढे हट्टी होते का. माझं चार तारखेचं पत्र जपून ठेवलंयस का? एवढंच कळव.

धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,

पत्र आहे. त्या वेळी मी चाळीस चक्क्यांची सरासरी पाहिली होती. एकट्या सतराचे आकडे उघडलेच नव्हते. अपघातानंतर उघडले. तिच्या पायाखालची जमीन भुसभुशीत, म्हणून तिचा मनोरा इतरांपेक्षा सावकाश डुलतो, आणि माझा प्रोग्राम नेमका त्याच तालावर तिला ढकलत होता. शोधायला एक दुपार पुरली.

आमच्या साहेबांना पत्र दाखवलं, तर म्हणाले, घरच्या पत्राला कोण विचारतं, फाडून टाक. पाच दिवस मी गप्प बसले, हेही तुला माहीत असावं. काल चौकशी समितीपुढे तुझं पत्र ठेवलं आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. तशाच जमिनीवरच्या आणखी तीन चक्क्या त्यांनी तिथल्या तिथे बंद करायला लावल्या. मला आता कामावर येऊ नका असं सांगितलंय. तुझ्याकडे काही मागायला तोंड उरलेलं नाही.

ताई

१० एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र उस्तादांच्या बायकोला वाचून दाखवलं. जमिनीचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, म्हणजे ह्यांचंच बरोबर होतं. त्यांना तुला भेटायचं आहे का विचारलं, तर नको म्हणाल्या. सध्या मलाही नको. तुझी आठवण येते आणि राग जात नाही, दोन्ही खरं आहे. तू लिहीत जा. उत्तर देईनच असं नाही, पण वाचेन.

धाकटा