आडव्या पट्टीवरची सायकल

कारेलीबाग, बडोदे
१८ नोव्हेंबर २०२४

चि. स्नेहलता हिस,
थोरल्या दिराचे अनेक आशीर्वाद.

आधीच्या कागदावर सवयीने 'चि. सौ.' लिहून गेलो होतो. तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला. दत्ताजीला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी माझ्या हाताला ते कळलेलं नाही. दुसरं जे लिहायची रीत आहे, ते लिहायला मन होत नाही. तेव्हा नुसतं नाव लिहिलं आहे, गोड मानून घे.

तुझी, मोहनाची आणि जावईबापूंची प्रकृती ठीक असेल. पुण्यात थंडी पडली असेल. इथे अजून दुपारी पंखा लागतो. दिवाळी झाली. फराळ बाहेरून आणला, चकल्या बऱ्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या विश्रामभाईंनी घरचा मठिया पाठवला. चिरंजीव विहंगचा कॅनडाहून दर रविवारी फोन असतो. त्याने आम्हाला व्यायामाची सायकल पाठवली आहे, जागच्या जागी चालवायची. डॉक्टरांनी मंदाकिनीला रोज चालायला सांगितलं होतं, पण कारेलीबागेत आता इतकी वाहनं झाली आहेत, त्यात कुत्री, म्हणून तिचं बाहेर फिरणं बंद केलं. तर म्हटलं, घरातच पाय हलते राहतील.

खोकं आलं तेव्हा ते लिफ्टमध्ये मावेना. विश्रामभाई आणि मी दोघांनी ते जिन्याने वर आणलं. ते म्हणाले, कंपनीचा माणूस बोलावून जोडून घेऊ. मी ऐकलं नाही. उभा जन्म रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेला, एक सायकल जोडता येणार नाही? हॉलमध्ये सतरंजी घातली आणि सगळे भाग मांडले. पुढच्या आणि मागच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर ती उभी राहते. सीटचा दांडा, हँडल, दोन पेडल, आणि एका पुडीत नटबोल्ट.

मंदाकिनी खुर्चीवर बसून एकेक वस्तू माझ्या हातात देत होती. ती खुशीत होती. पट्ट्या बसल्या, दांडा बसला. हँडल कसण्याआधी आतली वायर जोडून घ्यावी लागते, नाहीतर वरच्या डब्यात आकडे दिसत नाहीत, तेही केलं. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते उलट्या बाजूला फिरवून कसायचं. विश्रामभाई ते सुलट फिरवत होते. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, थांबा, पाना द्या. पाहतो तर पाना नाही. आत्ता होता, आणि नाही.

आम्ही सतरंजी झटकली, खोकं उलटं केलं, सोफ्याखाली पाहिलं. विश्रामभाई म्हणाले, मी घरून माझा आणतो. ते जिना उतरले आणि मंदाकिनी मला हळूच म्हणाली,

"त्यांनीच घेतलाय. मी त्यांना खिशात घालताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

स्नेहलता, मी तिथेच सतरंजीवर बसून राहिलो. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. तूही ऐकलेलं आहेस.

मोहनाच्या साखरपुड्याच्या दिवशी, मुलाकडची माणसं पानांवर बसलेली असताना, मंदाकिनी उभी राहिली आणि म्हणाली, माझा तन्मणी स्नेहलतेनेच घेतलाय, तिला पिशवीत घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोच आवाज, तीच खात्री. तुझ्या हातात वाढायचं भांडं होतं, ते तू खाली ठेवलंस. दत्ताजीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून तो थांबला होता, आणि मी खाली मान घालून बसलो. मला वाटलं, ती खोटं कशाला बोलेल? चाळीस वर्षांच्या संसारात ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

मोहनाच्या लग्नानंतर तुम्ही दोघं बडोदं सोडून मुलीकडे गेलात. मी स्टेशनवर आलो नाही.

पाना दुसऱ्या दिवशी सापडला. शिरा करायला म्हणून रव्याचा डबा उघडला, तर रुमालात गुंडाळून आत ठेवलेला. मी तिला दाखवला. ती म्हणाली, "विश्रामभाईंनी किती हुशारीने लपवला पाहा." ती मला बनवत नव्हती. तिला तसंच दिसत होतं.

त्यानंतर मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मेंदूचा फोटो काढला, तिला घड्याळ काढायला सांगितलं, महिने उलटे म्हणायला सांगितले. श्रावणानंतर ती भाद्रपद म्हणाली, मग आषाढ, मग पुन्हा श्रावण, आणि माझ्याकडे बघून हसली. डॉक्टर म्हणाले, हा विस्मरणाचा आजार आज झालेला नाही, आत पाच-सात वर्षं चाललेला असतो. घरच्यांच्या लक्षात येत नाही. वस्तू कुठेतरी ठेवायच्या, विसरायचं आणि कोणावर तरी संशय घ्यायचा, ही बहुतेक वेळा सुरुवातच असते, आणि संशय जवळच्या माणसावरच येतो. मी त्यांना विचारलं, सहा वर्षांपूर्वी असेल? ते म्हणाले, असू शकेल. खात्रीने कोण सांगणार?

वर मी वाहनांचं आणि कुत्र्यांचं लिहिलं, ते खरं नाही. उन्हाळ्यात ती लहरीपुऱ्यात फॉल-पिकोला साडी टाकायला गेली आणि संध्याकाळपर्यंत परतली नाही. शेवटी पाणीगेटला तिच्या माहेरच्या गल्लीत सापडली. ते घर विकून किती वर्षं झाली. तिथल्या बाईंनी तिला पाणी देऊन ओटल्यावर बसवलं होतं आणि ती त्यांना विचारत होती, बाबा अजून ऑफिसातून आले नाहीत का? मी तेव्हा त्याला ऊन लागलं असं नाव दिलं. विहंगलाही तसंच सांगितलं. म्हणून त्याने सायकल पाठवली. आईला आता उन्हात चालवत नाही, एवढंच त्याला माहीत होतं. आता सगळं सांगितलं आहे.

सायकलचा तिला उपयोग होतो. सकाळी चहा झाला की ती बसते. सीट मी तिच्या मापाने खाली केली आहे, पाय खाली गेला की गुडघा जरासा वाकलेला राहील इतकी. खाली रबरी चटई आहे, जोर लावायचं बटण सगळ्यात हलक्यावर आहे. मी समोर खुर्ची टाकून पेपर वाचतो. ती विचारते, कुठवर आलो? मी म्हणतो, फतेगंज आलं. तिला बरं वाटतं.

गेल्या मंगळवारी मी आंघोळीला गेलो होतो. जाण्यापूर्वी तिला चढता येऊ नये अशी सायकल भिंतीकडे वळवून ठेवायला हवी होती, ते राहिलं. ती एकटीच चढली, साडी नेसून. पदर पेडलच्या दांड्यात गुंडाळला गेला. ही चाकं अशी असतात की पाय थांबवले तरी पेडल काही वेळ फिरत राहतात. पदर ओढला गेला आणि ती एका अंगावर पडली. मी ओल्या अंगाने धावत आलो. मनगट सुजलं होतं. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. मी तिला धरून उठवत होतो, तर ती माझा हात झटकत होती. म्हणाली, "तुम्ही नको. स्नेहलतेला बोलवा. स्नेहलता, अगं, धर मला."

ती बराच वेळ तुला हाक मारत होती. मी सांगितलं, ती पुण्याला आहे. तर म्हणाली, गणपतीला आली नाही, दिवाळीला आली नाही, तुम्ही तिला काही बोललात का?

तिला काही आठवत नाही. तन्मणी आठवत नाही, साखरपुडा आठवत नाही. दत्ताजी गेला हे मी तिला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा ती नव्याने रडली. आता सांगत नाही.

तन्मणी सापडलेला नाही. पाना मिळाल्यावर मी सगळे डबे उपसले, गाद्यांच्या शिवणी उसवल्या, शिवणयंत्राचा खण काढला. सापडला असता तर हातात घेऊन तुझ्याकडे आलो असतो. पण तुला पुराव्याची गरज कधीच नव्हती. पुरावा मला हवा होता, आणि तो सहा वर्षं माझ्याच घरात वावरत होता.

तिला तुझी माफी मागता येणार नाही. म्हणून तिची आणि माझी, दोन्ही मी मागतो. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. दत्ताजीकडे मागायची राहिली. त्याच्या दहाव्याला घाटावर मी मागच्या रांगेत उभा होतो, परक्यासारखा. तू मला पाहिलंस आणि चहा पाठवलास. तो चहा मी प्यालो. त्या वेळी तरी बोलायला हवं होतं.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुला आशीर्वाद देण्याचा हक्क गमावून बसलेला,
मानसिंगराव


पुणे
२६ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादासाहेबांस,
स्नेहलतेचा नमस्कार. पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. थंडी आहे.

तुमचं पत्र मी मोहनाला वाचायला दिलं. ती वाचून आत निघून गेली. साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडच्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, पण तिला पुढे दोन वर्षं आमच्याकडून काही घेताना अवघडल्यासारखं व्हायचं. हे मी तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. घडलं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

एक गोष्ट मलाही सांगायची आहे. त्या वर्षी साखरपुड्याच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. वहिनीसाहेब आमटीत दोनदा मीठ घालायच्या. गौरींच्या वेळी मला विचारलं, मुखवटे कुठे ठेवले, आणि मुखवटे त्यांच्याच मांडीवर होते. मी ह्यांना म्हटलं होतं, दादासाहेबांना सांगू या. मग तो प्रकार झाला. त्यानंतर हे म्हणाले, आता सांगितलंस तर दादाला वाटेल, स्वतःवरचं झाकायला माझ्या बायकोला वेडी ठरवतेय. मलाही तसंच वाटलं. खरं सांगू? रागही होता. मनात आलं, होऊ दे जे व्हायचं ते. तेव्हाच सांगितलं असतं, तर औषध सहा वर्षं आधी सुरू झालं असतं. पाणीगेटला जाऊन त्या बसल्या नसत्या. हे माझ्याही वाट्याला आहे, ते तुम्ही एकट्याने घेऊ नका.

ह्यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. शेवटच्या आजारात औषधाने झोप फार यायची. झोपण्याआधी रोज म्हणायचे, "दादाचा फोन आला तर मला उठव. झोपलोय म्हणून सांगू नकोस."

मी फोन उशाशी ठेवत असे. हे लिहू की नको, असा बराच विचार केला. पण तुमच्या भावाने तुम्हाला शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, हे तुम्हाला कळायला पाहिजे. त्याचं वाईट वाटेल तितकंच बरंही वाटेल.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघते आहे. विश्वामित्रीला उतरेन की बडोद्याला, ते मोहना कळवेल. स्टेशनवर यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मात्र वहिनीसाहेबांना घरी एकट्या ठेवून येऊ नका. मी येईपर्यंत त्यांना सायकलवर बसवू नका, मनगट बरं होऊ दे. पुढे साडीवर बसायचं नाही. मी दोन पंजाबी ड्रेस शिवायला टाकले आहेत, त्यांचं माप मला पाठ आहे. ओढणी नाही घेतलेली. सायकलच्या पेडलला पट्टा असतो, तो पायावर बांधायचा. आणि वापर झाला की बटण पूर्ण कसून ठेवायचं, म्हणजे चाक फिरत नाही. इथे मोहनाकडेही आहे सायकल, म्हणून माहीत.

किती दिवस राहीन ते आत्ता सांगत नाही. तुमच्यासाठी येत नाही, असं लिहिणार होते, पण ते पूर्ण खरं होणार नाही.

एकच मागणं आहे. वहिनीसाहेब मला आज बोलावतात, उद्या पुन्हा माझ्यावर आळ घेतील. आजारच तसा आहे, मी धरून चालले आहे. बांगडी जाईल, चमचा जाईल, आणि त्या विश्रामभाईंसमोर म्हणतील की हिनेच घेतलं. मला त्याचं काही वाटणार नाही. पण त्या वेळी तुम्ही खाली मान घालू नका. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, नुसतं माझ्या शेजारी येऊन उभं राहायचं.

तेवढं कराल या भरवशावर निघालेली,
तुमच्या दत्ताजीची,
स्नेहलता