खालच्यांना ताल आहे

प्रिय भाऊजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (तुमचे केस पिकले असले तरी आशीर्वादच घ्यावे लागतील, धाकटं असण्याचा दंड आहे तो.) तुमची कंबर आता कशी आहे? जाऊबाईंचा गुडघा? तुमच्या घरातले सगळे सांधे आपापल्या जागी असतील अशी आशा करते. माझं विचाराल तर मी ठणठणीत आहे, फक्त एक दाढ काढावी लागली, तिची हकीकत पुढे येईलच. मध्यंतरी तुमचा फोन आला, तुम्ही दोन वाक्यं बोललात आणि मी फोन ठेवून दिला, त्याचा राग मानू नका. लाइन फार खराब होती. हल्ली आमच्याकडे ती खराबच असते, म्हणून हे पत्र. पत्रात निदान मधेच कुणी बोलत नाही.

तर तुमची ती तबकडी. तुम्ही ती मागितलीत यात तुमचं काहीएक चुकलेलं नाही. तुम्हा दोघा भावांनी मिळून ती आणली, मामंजी ती पहिल्यांदा ऐकून कुणाला लागलंबिगलं की काय ते बघायला धावत आले, आणि असलं गाणं वर्षभरात लोक विसरतील असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, हे सगळं मला पाठ आहे. (मामंजी गेले, त्यांचं मत गेलं, गाणं मात्र धडधाकट आहे.) माझ्या वाट्याला ते लग्नानंतर आलं. दर रविवारी सकाळी दहाला हे इस्त्रीचा शर्ट घालून, मोठ्या बैठकीला बसावं तसे त्या रेकॉर्ड प्लेअरसमोर बसायचे. आधी ती गिटार एकटीच गुरगुरायची, थंडीत चालू न होणाऱ्या स्कूटरसारखी. मग ड्रम. मग तो गायक, ज्याचं बोट दारात सापडलंय आणि घरात कुणी उघडायला नाही. आणि सगळं अगदी ऐन भरात आलं की एकदम बंद. चिडीचूप. नवख्याला वाटावं, सुटलो. त्या शांततेत मी स्वयंपाकघरातून विचारायची, "संपलं का एकदाचं?" आणि हे बाहेरून म्हणायचे, "संपतंय कसलं!" की लगेच दुप्पट जोराने पुन्हा सुरू. इतक्या वर्षांत ना मी प्रश्न बदलला ना ह्यांनी उत्तर. बाकी बोलण्यात आमचं कधी एकमत झालं असेल तर मला आठवत नाही, पण हे एक संभाषण कधी चुकलं नाही.

यात तिसरे भागीदार म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे ऑडिटर. निवृत्त झालेत, एकटे राहतात, नमस्कार केला तर त्याचीही पावती मागतील असा चेहरा. गाणं सुरू झालं की ते खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे. त्यांचं छत म्हणजे आमची फरशी, त्यामुळे माझ्या टाचांना गाणं दोन्हीकडून ऐकू यायचं. मी ह्यांना हजारदा सांगितलं की अहो, तो माणूस चिडलाय. ह्यांचं एकच पालुपद, "अगं, खालच्यांना ताल आहे. रागाने ठोकणारा माणूस इतकं तालात ठोकत नाही." कधी रविवारी लवकर बाहेर जायचं असलं तरी हे अडून बसायचे, गाणं झाल्याशिवाय निघायचं नाही, का तर खालचे वाट बघत असतील. जिन्यात ऑडिटर दिसले की हे त्यांच्याकडे बघून एका रसिकाने दुसऱ्याकडे बघावं तसं हसायचे. ते मान फिरवून निघून जायचे. हे म्हणायचे, "लाजाळू आहेत." अशा माणसाशी संसार केलाय मी, भाऊजी, माझ्या सहनशक्तीची कल्पना करा.

हे गेल्यावर माणसं आली, बसली, गेली. तुम्हीही आलात, चार दिवस राहिलात, स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केलात. (तो पुन्हा गळतो आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.) ऑडिटर तेवढे आले नाहीत. मी मनात म्हटलं, आता सुखाने झोपतील बापडे. मग रविवार यायला लागले. बाकीचे वार मी कसेही ढकलते, बँक असते, भाजी असते, शेजारणीचं तोंड असतं. रविवारी दहा वाजले की मी स्वयंपाकघरात जाते आणि उगीच भांडी घासायला घेते, स्वच्छ असली तरी. मला फार एकटं वाटतं. हे लिहायला काही हरकत नाही, फोनवर बोलता येत नाही इतकंच.

असो. तुमचा निरोप मिळाल्याबरोबर मी तबकडी आणि ते यंत्र बांधायला घेतलं. मिक्सरच्या खोक्यात ते बसेना, बसलं तेव्हा झाकण लागेना, शेवटी ह्यांचे दोन स्वेटर भोवती कोंबले आणि दोरीने आवळलं. कुरियरवाली मुलगी आली. तिच्या टी-शर्टावर काय असावं? तुमच्या तबकडीच्या पाकिटावर आहे तीच जळती कवटी! माझा जीव असा काही हरखला की मी तिला आत बसवून सरबत दिलं आणि विचारलं, तूही ऐकतेस का गं हे? तिने मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "हे होय? सेलमध्ये होता काकू. धुतला तरी आटत नाही." मग तिने खोक्याकडे बोट करून विचारलं, की वस्तू चालू स्थितीत आहे का. आता हे मला कसं ठाऊक असणार, मी आयुष्यात त्या यंत्रावरची धूळ पुसण्यापलीकडे त्याला हात लावला नव्हता. बंद वस्तू पाठवून तुमच्या तोंडाला पानं पुसायची माझी इच्छा नव्हती, म्हणून म्हटलं, बघते आणि कळवते. सरबत पिऊन ती गेली. खोकं राहिलं.

त्याच आठवड्यात दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला त्या मागे कलणाऱ्या खुर्चीत आडवं केलं, तोंडात बोळे भरले, एक नळी अडकवली, आणि रुग्णाला बरं वाटावं म्हणून मंद संगीत लावलं. बासरी आणि व्हायोलिन. छान होतं, मी डोळे मिटले. दोन मिनिटांनी खाडकन उघडले. भाऊजी, तेच गाणं! ज्याला ऐकून मामंजी औषधाची पेटी घेऊन धावले होते, ते आता लोकांना गुंगी यावी म्हणून लावतात! चाल तीच, फक्त नखं कापून, केस विंचरून उभी केलेली. आणि ती मधली शांतता आली. सवयीने माझ्या तोंडून प्रश्न गेला, तोंडात बोळे असल्यामुळे तो "अंअंअं आ?" असा निघाला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाई घाबरल्या. त्यांना वाटलं दुखतंय, म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत माझा अर्धा चेहरा माझ्या मालकीचा नव्हता. (त्या बासरीवाल्याने पुढचा दणका गाळूनच टाकला होता. शांततेवरच संपवलं. असं कधी करू नये.)

मग गेल्या रविवारी मी खोकं सोडलं, केवळ यंत्र तपासायला म्हणून. वेळ दहाचीच झाली, तो योगायोग समजा. तबकडी ठेवली, पिन टेकवली, कुठलातरी खटका दाबला, आणि आतून जो आवाज आला तो एखाद्या म्हशीला जुलाबाचं औषध पाजल्यासारखा होता. गिटार रेंगाळत होती, गायक झोपेत कुरकुरत होता. आणि तेवढ्यात खालून ठक. ठकठक. मग ठोकणं थांबलं आणि जिन्यात पावलं वाजली. मी म्हटलं, आला हा माणूस शेवटी, इतक्या वर्षांचं भांडण आज माझ्या एकटीच्या अंगावर. कंबर कसून दार उघडलं. ऑडिटर उभे, हातात झाडू तसाच. म्हणाले, "वेग चुकलाय. हे इतकं हळू नसतं."

मी दारातून बाजूला झाले. ते आत आले, झाडू सोफ्याला टेकवून ठेवला, यंत्रावर वाकून खटका फिरवला, पिन पुन्हा सुरुवातीला आणली आणि सोफ्याच्या कडेवर बसले. गाणं सुरू झालं, आपलं नेहमीचं. थोड्या वेळाने त्यांनी दचकून विचारलं, "हा कोण ओरडतोय?" त्यांच्याकडे छतातून नुसता ड्रम आणि घुमारा पोहोचायचा हो, यात कुणी गातं हेच त्यांना ठाऊक नव्हतं! आणि मग ती शांतता आली. मी ओठ गच्च मिटून धरले, परक्या माणसासमोर तसलं काही तोंडातून जायला नको म्हणून. ऑडिटरांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी झाडूकडे पाहिलं. मग तबकडीकडे पाहिलं. ती फिरतच होती. दणका पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पाणी आणायला उठले.

झालं होतं असं, भाऊजी, की इतकी वर्षं त्या माणसाला वाटत होतं, आपण ठोकलं की वरचा माणूस गाणं बंद करतो. दर रविवारी ते ठोकायचे, गाणं थांबायचं, ते समाधानाने झाडू खाली ठेवायचे, आणि तेवढ्यात ते दुप्पट जोराने पुन्हा! त्यांना तो मुद्दाम केलेला अपमान वाटायचा. शिवाय जिन्यात भेटल्यावर हे हसायचे, म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून ते भेटायला आले नाहीत. हे आजारी पडल्यापासून रविवारी शांतता झाली, तेव्हा पहिल्यांदा त्यांना आपण जिंकलो असं वाटलं. मग एकदा दहाला ते झाडू हातात घेऊन खोलीत उभे राहिले आणि कशासाठी उभे आहोत ते त्यांना कळेना. हे गेल्याचं खालच्या दुकानात समजलं, तेव्हा कोणत्या तोंडाने वर येणार, असं झालं त्यांना.

मग मीही सांगून टाकलं, ह्यांना काय वाटायचं ते. खालच्यांना ताल आहे, ते वाट बघत असतील, लाजाळू आहेत, सगळं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी रागानेच ठोकत होतो हो." मी म्हटलं, मला माहीत होतं. "आणि त्यांना?" त्यांना शेवटपर्यंत नाही. यावर ते म्हणाले, "मग राहू दे तसंच," आणि उठून गेले. झाडू विसरले.

तर सांगायचं काय, यंत्र उत्तम चालू आहे आणि तुमची वस्तू तुम्हाला मिळायला आता काही अडचण नाही. खोकं पुन्हा बांधते आणि त्या मुलीला बोलावते. जाऊबाईंना माझी आठवण सांगा, गुडघ्याला शेक द्यायला सांगा, आणि तुम्ही वजनं उचलू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. खोकंही बांधायचं राहिलं. खरं सांगायचं तर ह्यांचे स्वेटर मी खोक्यातून काढून पुन्हा कपाटात ठेवलेत, आता खोक्यात भरायला काही उरलं नाही. तबकडीत तुमचा अर्धा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. शांततेआधीचा अर्धा तुमचा की नंतरचा, तेवढं कळवा. पण ती पाठवायला सांगू नका.

आणखी ता. क. झाडू मी शनिवारी खाली नेऊन दिला, रविवारी लागेल म्हणून. आज रविवार. दूध उतू गेलं, ते पुसता पुसता मला उशीर झाला. दहा वाजून गेले आणि खालून आवाज आला, ठक, ठकठक. मी हात न पुसताच जाऊन पिन टेकवली. शेवटपर्यंत ठोकत होते. मधल्या शांततेत बरोबर थांबले आणि बरोबर दणक्याला उचललं. ह्यांचं खरं होतं.

शेवटचं. त्या शांततेत आज मी स्वयंपाकघरात होते आणि माझ्या तोंडून प्रश्न गेलाच. उत्तर कुठून येणार? भाऊजी, फोनची लाइन खराब नव्हती. तुमचा आवाज फोनवर हुबेहूब ह्यांचा येतो, पूर्वी मी फसायची आणि तुम्ही दोघं हसायचात, आठवतंय? म्हणून ठेवला फोन. तर आता असं करा, एखाद्या रविवारी या. दहाच्या आत पोहोचा, बाहेरच्या खोलीत बसा, मी पुढे येणार नाही. नळाचंही बघायला नको. मी आतून विचारीन, तेवढं उत्तर द्या.