अधिकारी गॅलरीतली चिठ्ठी

३ मार्च, सोम.

अधिवेशन आजपासून. डबा उघडायला चार वाजले. टेबलावर तारांकित प्रश्नांची चळत, त्यात एक आपल्या खाडीचा. विचारणारे कल्याणकडचे विरोधी आमदार. ठाण्यात काही वाईट झालं की यांना फार उमाळा येतो.

"खाडीवरील मच्छीमार जेट्टीच्या सुशोभीकरणाचे काम पूर्ण झाल्याचे दाखवून प्रत्यक्षात कठडा न बसविल्यामुळे एका मच्छीमाराचा पडून मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, संबंधितांवर कोणती कारवाई केली?"

मच्छीमाराचं नाव नाही. मला लागतही नाही. बाळाराम. सुमनचा नवरा. कोपरीच्या बाजारात तिच्या पाटीवरून बावीस वर्षं मासे घेतेय. जानेवारीत गेला तो. भेटायला जायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, गेले नाही.

५ मार्च, बुध.

कार्यकारी अभियंत्याचा अहवाल आला. दीड पान. कठडा "बसविण्यात आला आहे", सोबत फोटो. फोटोतला कठडा सुरेख, फक्त मागे दीपगृह दिसतंय. आपल्या खाडीत दीपगृह कधी आलं?

फोन केला. "मॅडम, फोटो प्रातिनिधिक आहे."

असले शब्द यांना कोण शिकवतं? आम्हीच. नंतर तेच आमच्याकडे परत येतात, शिक्का मारून.

उत्तर तयार केलं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रश्न उद्भवत नाही. उपसचिव वाचून म्हणाले, "अंशतः म्हणजे कुठला अंश?"

"माणूस मेला, तेवढा."

हसले. मीही हसले. तीस वर्षं मंत्रालयात काढल्यावर असलं हसू आपोआप येतं.

९ मार्च, रवि.

सुमन बाजारात परत बसायला लागली. कपाळ मोकळं. मला बघून पाटीवरचं ओलं फडकं बाजूला केलं, जसं नेहमी करते.

"सुमन, फार वाईट झालं गं."

"पहाटचा जाली घेवाला गेलता, ताय. खाली दगड नि सळ्या. हात टेकाला कायतरी असता तं..." बोंबील साफ करत राहिली. हात थांबत नव्हते.

तिला सांगायला हवं होतं की प्रश्न लागलाय, मंगळवारी सभागृहात येतोय, उत्तर माझ्याकडे आहे. मी विचारलं, सुरमई कशी दिली.

११ मार्च, मंगळ.

आमचा प्रश्न तिसरा. अधिकारी गॅलरीत उपसचिव (उ.स.) पुढे, मी मागे फाइल मांडीवर घेऊन.

छापील उत्तर निभावलं. मग आमदारांचे उपप्रश्न. माणसाला बोलता येतं. "मंत्र्यांनी माझ्यासोबत जेट्टीवर यावं आणि कठडा दाखवावा. मी त्याला टेकून उभा राहतो, बघू कोण वाचवतं!" दोन्ही बाजू हसल्या. मंत्र्यांचे कान लाल. फोटो वर करणार होते, नशीब, उ.स.नी खुणेने थांबवलं. मंत्र्यांचा हात पाठीमागे आला, बोटं हलायला लागली. म्हणजे काहीतरी द्या, लवकर.

उ.स. मागे वळले. "दारूचं होतं ना काहीतरी अहवालात? ते द्या."

मी लिहिलं: मयत मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत होता. एक ओळ. शिपायाने नेली.

मंत्र्यांनी वाचली, आणि पाठ सरळ झाली त्यांची. "अध्यक्ष महोदय, कठडा सोन्याचा बसवला असता, तरी प्यायलेल्याला तो दिसायचा कसा?"

सभागृह हसलं. बाक वाजले. आमदारही हसले, मी पाहिलं, खाली बसता बसता. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

सगळं मिळून सात मिनिटं.

१२ मार्च, बुध.

मंत्री कार्यालयातून निरोप. "चिठ्ठी वेळेवर आली, साहेब खूश आहेत." उ.स.नी चहा मागवला, बिस्किटांसकट.

घरी अनिल जेवताना म्हणाला, "बातम्यांत दाखवत होते. बाळाराम प्यायलेला होता? त्याने सोडून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आपल्या गणपतीत सरबतसुद्धा वास घेऊन प्यायचा."

"अहवालात आहे तसं."

"कुणी लिहिला अहवाल?"

मी आमटी वाढली. पुढे त्याने विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे त्यालाही कळतं. त्याचा मला राग आला.

१६ मार्च, रवि.

बाजार टाळणार होते. पण अनिलला मासे हवे होते आणि न जाण्याचं कारण सुचेना.

सुमनने हात पुसून मोबाइल काढला. कोळीवाड्यात सगळ्यांकडे फिरतोय तो व्हिडिओ. मंत्री, ते वाक्य, बाकांचा आवाज. कुणीतरी खाली हसरे चेहरे टाकून पुढे पाठवलेला.

"ताय, हे हसतान का?"

मी पिशवीची घडी उलगडत राहिले.

"मेला तं मेला, खाडी कुनाला सोडत नाय. पन आमचे मानसाला बेवडा बोलला, सगल्या महाराष्ट्रासमोर. माझा पोरगा घराभायेर जात नाय. तुमी मंत्रालयान हाव ना ताय? मंत्र्याला कोन सांगला हे? कागूद कुनी दिला त्याला? तेवरा शोधून द्या मना."

मी म्हटलं, बघते.

तिने माझी पिशवी भरली आणि पैसे घेईना. जबरदस्तीने ठेवून आले. घरी येऊन तळलेलं सगळं अनिलने खाल्लं. मी पित्ताचं निमित्त केलं.

१७ मार्च, सोम.

आजच व्हायचं होतं. सभागृहातल्या कामकाजाची असंशोधित प्रत तपासायला आली. मंत्र्यांच्या तोंडून चुकीचं काही गेलं असेल, तर दुरुस्तीसाठी टिपणी ठेवायची हीच वेळ.

अहवाल काढला. पान दोन, शेवटचा परिच्छेद. "स्थानिकांच्या सांगण्यानुसार मयत पूर्वी मद्यप्राशन करीत असे."

पूर्वी. करीत असे.

शवविच्छेदनाची प्रत खालीच लावलेली होती. त्यात दारूचा उल्लेखसुद्धा नाही. ५ तारखेलाच वाचली होती मी. त्या दिवशी गॅलरीत मला आठवत नव्हतं, असं इथे लिहिणार होते. पण ही वही मी कोणाला सादर करत नाहीये. आठवत होतं. "पूर्वी" लिहिलं असतं तर मंत्र्यांना ओळ वापरता आली नसती, म्हणून नाही लिहिलं.

प्रत तासभर समोर ठेवली. "सुशोभिकरण" छापलं होतं, त्यातला भि दीर्घ केला. सही केली. पाठवून दिली.

३ एप्रिल, गुरु.

आमदारांनी मंत्र्यांविरुद्ध हक्कभंगाची सूचना दिली होती, सभागृहाची दिशाभूल केली म्हणून. आठवडाभर झोप नव्हती. आज कळलं, सूचना पुढे रेटायची नाही असं ठरलंय. मोहन्याच्या नदीघाटाचं त्यांचं काम मंजूर झालं. फाइल आमच्याच कक्षातून गेली, मीच टिपणी लिहिली. त्या घाटालाही कठडा प्रस्तावित आहे.

सुटल्यासारखं वाटलं. दहा मिनिटं तरी वाटलं.

दुपारी आमदारांच्या माणसाला फोन केला, उगाच. म्हटलं, त्या कोळी बाईंचं पुढे काय? म्हणाला, "कोणती बाई?"

२० एप्रिल, रवि.

सुमन आज घरी आली. पहिल्यांदाच. चपला जिन्यात काढल्या, सोफ्यावर बसेना. हातात प्लास्टिकची पिशवी, आत कागद.

मच्छीमारांच्या अपघात विम्याचा अर्ज परत आलाय. नामंजूर. कारण: मद्याच्या अमलाखाली असताना अपघात. आधार: विधानसभेतलं मा. मंत्र्यांचं उत्तर, प्रत सोबत जोडली आहे.

जोडलेली प्रत पाहिली. "सुशोभीकरण". भी दीर्घ.

"मच्छीमार संस्थेचा चेअरमन बोलतो, मंत्रीच बोलला तं आमी काय करनार. ताय, गावला का तो मानूस?"

"अजून नाही."

अनिल आतल्या दारात उभा होता. ती गेल्यावर म्हणाला, "सुलभा, तूच ना?"

मी हो म्हटलं. तो गॅलरीत गेला आणि कुंड्यांना पाणी घालायला लागला. सकाळी घातलेलं होतं.

२७ एप्रिल, रवि.

सांगितलं.

बाजारात नाही, तिच्या घरी जाऊन. दारात जाळं वाळत घातलेलं. तिचा मुलगा टीव्ही बंद करून आत गेला. मी एका दमात सांगितलं, कारखान्यातल्या यंत्रासारखं. गॅलरी, चिठ्ठी, "पूर्वी" हा शब्द. प्रत दुरुस्तीला आली होती तेही. ते सांगितलं नसतं तर तिला कधी कळलंच नसतं.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. कदाचित त्यासाठीच गेले होते.

"तुला म्हाईत होता तो पीत नाय."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाली.

"हो."

"तुझे पोरीचे बारशाला पापलेट त्यानीच आनून दिलता."

"हो."

"मंग का लिवलास?"

भीती म्हणावी, तर मला कोणी धमकावलं नव्हतं. साहेबांनी मागितलं आणि मला देता येत होतं. दिलं. आणि खरं लिहायचं तर सभागृह हसलं तेव्हा, एक क्षण, बरं वाटलं होतं. आपली ओळ लागू पडली म्हणून. हे तिला नाही सांगितलं.

"सुमन, विम्याचं मी बघते, माझ्याकडून जे काही..."

"तुझा पैसा नको मना." उठली. "जितं बोलला तितंच परत बोलाला पायजे. त्याच जागेवर. जा आता."

९ मे, शुक्र.

टिपणी सादर केली. विषय: सभागृहात दिलेल्या माहितीत दुरुस्ती करण्याबाबत. अहवालातली ओळ, शवविच्छेदनाची प्रत, माझी चूक, सगळं क्रमाने. "माझी चूक" हे शब्द सरकारी मराठीत बसवणं किती अवघड आहे! आम्ही "अनवधानाने" लिहितो. मी अनवधानाने लिहिलं नाही.

उ.स.नी बोलावून घेतलं. "सुलभाताई, निवृत्तीला अकरा महिने राहिले ना तुमचे?"

"हो सर."

"मग मंत्र्यांना सभागृहात माफी मागायला लावायची हौस कशाला? चिठ्ठी कोणी मागितली, हेही येईल त्यात." आवाज अगदी मायेचा. फाइलवर लिहिलं: चर्चा करावी. आणि कपाटात ठेवली.

चर्चा झाली नाही. होणारही नाही. ज्या फाइलींना मूठमाती द्यायची, त्यांच्यावर तेच लिहितात.

२ जून, सोम.

सुमन डोंबिवलीच्या एका बाई आमदारांकडे गेली होती. मुलाला घेऊन, तीन वेळा. दोनदा भेट झाली नाही. हे मला ती नाही बोलली, बाजारात शेजारची पाटीवाली बोलली. सुमन मला बघून फडकं पाटीवर ओढून घेते. मासे समोर दिसत असतात आणि म्हणते, संपला.

२४ जून, मंगळ.

पावसाळी अधिवेशन तोंडावर. डोंबिवलीच्या बाईंचा प्रश्न स्वीकारला गेला. माझ्याच टेबलावर आला, दुसरीकडे कुठे येणार.

"(१) मयत मच्छीमार मद्याच्या अमलाखाली असल्याची सभागृहात दिलेली माहिती शवविच्छेदन अहवालाशी विसंगत होती, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर माहिती कोणत्या अधिकाऱ्याने पुरविली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

तिसऱ्याला काही अर्थ नाही, तो सगळ्याच प्रश्नांना चिकटवलेला असतो.

उ.स. स्वतः उठून माझ्या जागेपाशी आले. "(१) हे खरे नाही. बाकी प्रश्न उद्भवत नाही. दोन ओळी. मग सगळेच सुटतो."

ते गेल्यावर टाइप केलं. (१) हे खरे आहे. (२) श्रीमती सुलभा प्रधान, कक्ष अधिकारी. अधिकाऱ्यांची नावं उत्तरात देत नाहीत, मला ठाऊक आहे. चिठ्ठी मागणाऱ्याचं नाव घालावं का, यावर बराच वेळ गेला. घातलं नाही. ते धैर्य की पुन्हा तीच लाचारी, ठरवता आलं नाही. पाच वीसला वर पाठवलं.

घरी जाताना बाजारात उतरले. सुमन पाटी आवरत होती. उभ्या उभ्या सांगितलं, की या वेळी खरं लिहिलंय, नावासकट.

"छापून येल?"

"माझ्या हातात नाही आता. वरचे बदलू शकतात."

तिने बर्फाचं पाणी गटारात ओतलं. माझ्या चपलांवर उडालं, तिने पाहिलं.

"मंग तोंडानी कशाला सांगाला आलीस? तोंडानी तं तो मंत्री पन बोलला." पाटी डोक्यावर घेतली. "छापून आला तं घेऊन ये. नाय आला तं या गल्लीन पाय ठेवू नको."

उत्तर छापायला जायला चार दिवस आहेत. रात्री आठपर्यंत उ.स.चा फोन नाही.