काचेतली कुऱ्हाड

बा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि तो मी तुझ्या कानावर घालतो आहे. तुझ्या एकाच कानाला ऐकू यायचं, तेव्हा त्या बाजूने. माझ्या टगवरच्या, म्हणजे मालाच्या बार्जी ओढणाऱ्या बोटीवरच्या, कुऱ्हाडीला कंपनीने काचेचं कपाट केलं. कपाटाला कुलूप, कुलपाला किल्ली, किल्लीला लाल फीत, आणि ती फीत वर माझ्या, म्हणजे कप्तानाच्या, केबिनमधल्या खिळ्याला. कुऱ्हाड काढायची तर आधी ऑफिसला कळवायचं. समुद्र तोवर बाकावर बसून वाट पाहतो, अशी त्यांची माहिती असावी. मी ती काच हाताने फोडली, म्हणून काचेची भरपाई माझ्या पगारातून कापणार आहेत. बुडालेल्या बार्जची चौकशी सवडीने होईल, काच महत्त्वाची. तेव्हा हाताला टाके घालून मी कारध्याला घरी बसलो आहे, आणि माय मला लहान पोरासारखा भात कालवून देते आहे.

भंडाऱ्याच्या माणसाला समुद्र कुठून सुचला, असं बंदरात मला नेहमी विचारतात. मी सांगतो, माझा बा वैनगंगेत हेच करायचा. बंद पडलेलं ओढायचं, बुडालेलं काढायचं आणि मालकाच्या शिव्या खायच्या. तुझ्या इंजिनाच्या डोंग्यात शेवटच्या फळीखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेली कुऱ्हाड असायची. ओढत आणलेली चीज बुडायला लागली की दोराने आपल्यालाही खाली नेते. तेव्हा दोर तोडायचा, त्यासाठी ती. दुसऱ्या कशासाठीच नाही. एकदा मायने त्या कुऱ्हाडीने बाभळीची लाकडं फोडली. तू धार बोटाने पाहिलीस आणि चुलीवरचं भाताचं गंज लाथेने उडवलंस. भात राखेत, गंज अंगणात, आणि तुझा हात वर गेलेला. माय चुलीतलं जळतं लाकूड घेऊन उभी राहते. तिचा पदर धुराने भरला आहे, पण हात हलत नाही.

"कुराड होय का देव होय थे?"

"देवाले हात लाव. इले लावू नोको."

"मंग मले दुसरी आणून द्या. लाकडं का दातानं फोडू?"

"आणतो उद्या."

तुझा हात खाली आला. उद्या मात्र काही आला नाही.

त्याच पावसाळ्यात पूर आला. वाळूच्या ठेकेदार शेटची उपसा करणारी बार्ज, ड्रमांवर इंजिन बसवलेली, दावं तोडून पुलाच्या खांबांकडे निघाली. शेट स्वतः तुझ्या-माझ्याबरोबर तुझ्या डोंग्यात चढला, कारण तुझ्यावर त्याचा विश्वास नव्हता. आपण दोर टाकला, ती ओढायला लागलो. मधेच तिचे ड्रम फुटले, ती तोंडावर बसली आणि दोर तारेसारखा ताणला. डोंग्याची शेपूट खाली जाते आहे. मातकट पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं आहे. तू फळी उचकटून कुऱ्हाड काढतोस आणि शेट तुझ्या हाताला लोंबकळतो.

"मत काट बे! मशीन है मेरी!"

तू कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्याच्या जबड्यावर हाणलंस. हाड मोडल्याचा आवाज मी पुराच्या आवाजातही ऐकला. मग माझ्या छातीत लाथ घालून मला डोंग्याच्या तळाशी पाडलंस. मला वाटलं, आता माझी पाळी. तू दोर तोडलास. तुटलेलं टोक मी उभा होतो त्या जागेवरून सणाणत गेलं आणि पलीकडचा बांबू त्याने उसासारखा मोडला.

घाटावर शेटची माणसं काठ्या घेऊन थांबली होती. तुला गुडघ्यांवर पाडून मारलं. मी किंचाळत होतो, माझी मानगूट कुणीतरी धरली होती. कुऱ्हाड तुझ्या मुठीत होती. तू ती पोटाखाली घेऊन पडून राहिलास. रात्रभर माय तुझ्या कानातलं रक्त पुसत बसली.

"काहून मार खाल्ला बा? कुराड होती न हातात."

"थे दोरासाठी हाये."

"अन् शेटच्या थोबाडाले लावली थे?" मायने विचारलं.

"थे मागची बाजू होती."

इतक्या मारानंतरही तुला कायद्याचा हा बारकावा सुचला. माझ्या कंपनीने तुला वकील म्हणून ठेवला असता.

या पावसाळ्यात माझ्या मागची बार्ज तशीच बसली. तिच्यावर माणूस नव्हता, पण माझ्या टगवर माणसं होती, आणि इंजिनाजवळ खाली दोघं. मागच्या डेकवर पाणी चढलं, दोर सोडायच्या हुकाचा खटका अडकला. फोनवरचा आवाज सांगत होता, "कॅप्टन, होल्ड करा, साहेब मीटिंगमध्ये आहेत." मी फोन भिरकावला. किल्ली वर, मी खाली. काचेत मूठ घातली. कुऱ्हाडीचा दांडा रक्ताने निसटत होता. मधे आलेल्या सारंगाला, खलाशांच्या मुकादमाला, मी लाथेने आडवा केला आणि दोरावर घाव घातला. दोर त्याच्या डोक्यावरून गेला. त्याची फासळी मोडली आहे. दवाखान्यातून तो मला रोज फोनवर शिव्या देतो, म्हणजे जिवंत आहे.

त्या वेळी तुझी आठवण आली, असं लिहिलं तर शोभेल. आली नाही. दोर कुठे तोडायचा, एवढंच पाहत होतो. तू आठवलास तो हाताला टाके पडताना. माझ्या छातीतली तुझी ती लाथ रागाची नव्हती, हेही मला तेव्हाच कळलं. हे कागदावर उतरवलं तरी पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी, "एवढं कळाले इतके दिवस?" असंच तू म्हणाला असतास.

काल भंडाऱ्याच्या बाजारातून, लोहाराकडून, एक कुऱ्हाड आणली आणि मायपुढे ठेवली.

"हे कायले? गॅस हाये न घरी."

"बानं सांगतलं होतं, उद्या आणतो."

तिने कुऱ्हाड उचलून वजन पाहिलं. "लवकर आला वो तुमचा उद्या," ती भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली आणि अंगणात गेली. आज सकाळपासून ती अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडं फोडते आहे. मला हात लावू देत नाही. घाव ऐकू येतात, आणि प्रत्येक घावामागे दांडा खडखडतो. ढिला बसला आहे. हे लिहिणं इथेच ठेवतो, आणि उठून पाचर मारून देतो.