अठराव्यानंतर सतरावा फर्मा

ती. भावजींना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण माणूस वाकलेला तुम्हाला आवडत नाही, तेव्हा उभ्यानेच नमस्कार. (लिहितो आहे मात्र बसून, दुकानातल्या शिलाईच्या टेबलाशी.) गुडघा कसा आहे? भूक लागते का? सूनबाई फोनवर म्हणाल्या की ताई गेल्यापासून, म्हणजे गेले सात महिने, तुम्ही फाटकाच्या कडीला हात लावलेला नाही, आणि टपाल आले तरच खिडकीशी येता. म्हणून हे टपाल. लांबलचक आहे, खुर्ची ओढून घ्या.

माझी बातमी तुमच्या कानावर आली असेलच, पण ती हिच्याकडून आली असेल तर चुकीची आहे. मला वेड लागलेले नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी विद्यापीठात रीतसर प्रवेश घेतला आहे. विषय रोमान्स भाषांचे साहित्य. म्हणजे इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज वगैरे एका आईच्या लेकी, आणि त्यांच्या घरात लिहिले गेलेले सगळे. प्रवेश परीक्षेत एकशे चौदा जणांत नववा आलो. (खरे तर आठवा, पण त्या मुलाचे आणि माझे गुण सारखे असून त्याचे आडनाव आधी येते.) ही म्हणाली, या वयात माणसे गुडघे दुखवून घेतात, तुम्ही डोके दुखवून घ्या. तुम्हाला ठाऊक आहे, मी कुणाच्या शिकवणीला गेलो नाही. एक गिऱ्हाईक इटालियन शब्दकोशाचा पहिला खंड बांधायला टाकून गेले ते परत फिरकलेच नाही, त्यावर शिकलो. पहिलाच खंड, A पासून L पर्यंत, बारा अक्षरे गेली की संपणारा. त्यामुळे माझ्या इटालियनमध्ये पंधरा वर्षे मिठी होती, खिडकी होती, चंद्र होता, पत्र होते; रात्र, पाऊस आणि मरण नव्हते. पुढे दुसरा खंड मिळाला आणि भाषा पूर्ण झाली, पण खरे सांगू का, आधीची बरी होती.

पहिल्या दिवशी वीस मिनिटे आधी पोहोचलो. वर्गातल्या एका मुलीने मला पाहिले आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाली, "काका, आलात! ते दार वरून घासतं बघा." मी पाहिले. खरेच घासत होते, उजव्या कोपऱ्यात, सूतभर. पेन्सिलीने खूण करून ठेवली आणि दुसऱ्या बाकावर खिडकीशी जाऊन बसलो. मुलगी इतकी लाजली की तिने तासभर पुस्तक उलटे धरले होते. (आता तीच मला प्रश्न विचारते, आणि मी न विचारलेलेही सांगतो.)

मग बाई आल्या. या सत्रानंतर त्या निवृत्त होणार आहेत. बारीक चणीच्या, आवाजही बारीक, पण त्या वाचू लागल्या की खिडकीबाहेरची झाडेसुद्धा पाने हलवायची थांबतात असे वाटते. एका जुन्या इटालियन कादंबरीतल्या होडीवाल्यावर त्या गेली पंचवीस वर्षे व्याख्यान देतात. कादंबरी कधीच छापायची बंद झाली. ग्रंथालयात एकच प्रत, तिच्याच झेरॉक्स सगळ्यांच्या हातात. त्यात होडीवाल्याची बायको मरते. तो तिच्या चपला होडीत ठेवतो, पाण्यावर धुके उतरते, आणि पान उलटले की बायको खिडकीशी उभी! ओले पाय घरात आणले म्हणून नवऱ्याला झापते आहे. सोळा पाने ती घरभर वावरते, जाळे विणते, कुरकुरते, हसते. सतराव्या पानावर घर पुन्हा रिकामे. बाई म्हणतात, प्रेमात काळ सरळ चालत नाही, जरा मागे फिरून येतो. आणि त्या पानांच्या सांध्याशी वाक्ये मधेच तुटतात, तो होडीवाल्याचा अडखळलेला श्वास आहे. अख्खा वर्ग रडला. मीही रडलो, आणि उठून माझ्या इटालियनमध्ये बाईंना तसे सांगितले. (त्या म्हणाल्या, तुमचे उच्चार कुठल्याच गावचे नाहीत, पण भावना पोहोचली.)

आता खरे दुखणे. झेरॉक्स काढून काढून ती प्रत खिळखिळी झाली. शुक्रवारी बाईंचे निरोपाचे व्याख्यान, तेही यावरच, म्हणून ग्रंथपालांनी वर्गातच बाइंडर असल्याचे कळताच ती माझ्याकडे बांधायला पाठवली. हातात घेतली आणि बोटांनी आधी ओळखली. बाटली-हिरवे कापड, शिरोपट्टीत, म्हणजे पाठीच्या टोकाला शिवतात त्या पट्टीत, दोन लाल धागे आणि एक पिवळा. भावजी, अशी शिरोपट्टी या शहरात एकच माणूस लावतो. पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने माझीच तारीख. त्या काळी मी पाठीला नुसती जाळी लावायचो, कागद नाही, त्यामुळे आतले दिसते. बॅटरी धरून आत पाहिले. प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे सोळा पानांच्या घडीच्या, पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आणि सगळे फर्मे क्रमाने लागले की त्या खुणांचा सरळ जिना दिसतो. माझ्या जिन्याच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली होती. अठरावा फर्मा आधी, सतरावा नंतर. पानांचे आकडे ओल लागून कुजले होते, ते मीच छाटून टाकलेले, त्यामुळे कुणाला कळायला मार्ग नाही. मूळ कादंबरीत बायको आधी घरभर वावरते आणि मग मरते, आणि मेली की मेली. होडीवाल्याचा अडखळलेला श्वास ही माझी शिलाई आहे.

एकतीस वर्षांच्या धंद्यात माझा फर्मा चुकलेला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. मग हा का चुकला? तारीख पुन्हा पाहिली. त्याच दिवशी दुपारी एक उंच, घामाघूम गृहस्थ दुकानात आले, एका कोऱ्या वहीबद्दल पाऊण तास चौकशी करत बसले, आणि शेवटी वही विसरून विचारते झाले की तुमच्या बहिणीचे कुठे ठरले आहे का. मी तेव्हा फर्मे लावत होतो. तेव्हा भावजी, चूक माझ्या हातून झाली असली तरी जबाबदारी निम्मी तुमची.

पुस्तक आता उसवून समोर आहे, दोन्ही फर्मे शेजारी शेजारी. बाईंना वाईट वाटेल, पंचवीस वर्षांचे व्याख्यान कोसळेल; पण काम म्हणजे काम. मी क्रम दुरुस्त करूनच शिवणार. याबाबतीत मी कुणाचे ऐकत नाही हे तुम्ही जाणताच.

ही नमस्कार सांगते. प्रकृती जपा, आणि सूनबाईंना ताट परत पाठवत जाऊ नका.

तुमचा मेहुणा

ता. क. शिवून झाले. सुई सतराव्यात घातली होती. मग त्या चपला आठवल्या, आणि ओल्या पायांवरून झापणारी ती होडीवाल्याची बायको. आवाज ताईचाच, भावजी. सुई काढली. अठराव्यानंतर सतरावा, पूर्वीसारखेच. मात्र पुठ्ठ्याच्या आत, कागद चिकटवण्याआधी, पेन्सिलीने स्वच्छ लिहिले आहे: क्रम चुकीचा, जाणूनबुजून. पुढचा बाइंडर उसवील तेव्हा त्याला मी अडाणी होतो असे वाटायला नको.

ता. क. २. बाईंना निवृत्तीनंतर सांगीन. बहुधा.

ता. क. ३. पत्र याचसाठी लिहिले, बाकीचे सोडून द्या. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. व्याख्यान सर्वांना खुले आहे, भाषा येत नसली तरी चालते, मी शेजारी बसून सांगेन. दुसऱ्या बाकावर खिडकीची जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. सोळाच पाने आहेत. दार अजून वरून घासते. अडले तर परत फिरू नका, जरा जोराने ढकला.