विड्यांनी मोजलेली वाट

१४ जानेवारी २०२५, मंगळवार. घाटंजी.
मोनाली, आधी तारीख टाक. मागच्या टायमाले विसरलीस, अन् वाचून दाखवताना माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या लग्नाच्या आधी करून टाकलं. नात आहेस म्हणून माफ.
उद्या तुले घेऊन पायी निघतो. माझी धाकटी बहीण तुळसाबाई झरी जामणीकडे राह्यते. तिचा पोरगा कपिल रविवारी तिले कायमची पुण्याले नेणार. एस.टी.त मले उलट्या होतात. सत्तर किलोमीटर. शनिवारी पोचतोच.
मोनाली म्हणते, लांब चालणाऱ्यानं कागदी नकाशा ठेवाच. मोबाईल मरते, कागद मरत नाही. झेरॉक्सची सहा पानं आणली. तिचा बाप संघदीप म्हणते, मोबाईल असताना कागद कायले? दोघंही येडे. वाट मले पाठ आहे. नाल्यापर्यंत तीन विडे, पुढं चौथ्या विड्याले डावा फाटा. एक विडा चघळून संपला की दुसरा. चाळीस वर्षं मी अशीच गेली.

१५ जानेवारी, सांज.
नाला दीड विड्यातच आला. शहात्तराव्या वर्षी माझी चाल वाढली!
नकाशा घरीच ट्रंकेत साड्यांखाली अंथरून आली, हे मोनालीले आत्ता सांगितलं. तोंड फुगवून लिहून राह्यली.

१६ जानेवारी.
जंगलात रेंज नाही. दुसऱ्या विड्याले मोनालीनं एक डावा फाटा दाखवला. म्हटलं, तू लिहायचं काम कर. चौथ्या विड्यालेच वळलो.

१७ जानेवारी. भगवानरावचा गोठा.
कापूस वेचून राह्यले होते. भगवानराव म्हणाले, मावशी, फाटा मागंच राह्यला, दोन कोस. कसं मोजलं? सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् विचारलं, दात किती? म्हटलं, दोन. त्यांची बायको विमलताई पदर तोंडाले लावून हसली. म्हणे, बत्तीस दातांचा विडा दोन दातांनी चघळला तर दुप्पट टाईम पुरते ना!
दाताचा अन् रस्त्याचा काय संबंध?
तरी उद्यापासून अर्धाच विडा मोजायचा. हिशेब दुरुस्त. भगवानराव कागदावर वाट काढून देत होते. नको म्हटलं.

१८ जानेवारी, दुपार.
विड्याची पानं संपली. आता काय मोजू?
गुडघा सुजला. मोनाली म्हणाली, आजी, परत भगवानरावकडं जाऊ. म्हटलं, डावीकडं चल. डावीकडं नुसती तूर.

१९ जानेवारी, रविवार.
कुठं आहो ते लिहू नको.

२० जानेवारी, सकाळ. तुळसाबाईच्या दारात.
एका पिकअपवाल्यानं आणून सोडलं. दाराले कुलूप. शेजारची उर्वशी म्हणाली, काल चार वाजेपर्यंत तुळसामाय ओट्यावर बसून होती. कपिलनं दोनदा हॉर्न वाजवला, तर म्हणे, थांब रे, माझी थोरली बाई येते, तिले वाट पाठ आहे.
आता नकाशात काय लिहिलं होतं, की कपिल चारलेच गाडी काढील म्हणून?
 
तुझा मोबाईल मेला, तर हे लिहून झालं की उर्वशीच्या फोनवरून तुझ्या बापाले फोन लाव. म्हणा, पुण्याले पार्सल कर: ज्वारीच्या कण्या दोन किलो, अन् वाळवलेली आंबाडी. कण्या बारीक दळ म्हणा, अन् कपिलच्या बायकोले सांग, वरून तेल सोडून दे, तुळसाले कोरडं उतरत नाही.